आपला कचरा, आपले शील



विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक बोधप्रद प्रसंग आला आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी स्थविर आनंद यांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते रुचले नाही. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार आहे काय, असे त्याला वाटले. तो थेट आनंदांकडे गेला आणि त्याने विचारले, "एवढ्या वस्त्रांचे करणार काय?" आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. खोळी जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरणी, ती विरली की पायपुसणी, पायपुसणी झिजली की धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही फाटली तर? त्यांच्या चिंध्या करून चिखलात कालवू आणि त्याने जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. त्याने आपल्याकडून आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या प्रसंगात स्वर्ग नाही, चमत्कार नाही. आहे तो एका कापडाचा हिशेब. परंतु त्या हिशेबात धम्म आहे. ज्या वस्तूमागे कोणाचे तरी श्रम आहेत, ती वस्तू निष्काळजीपणे फेकणे म्हणजे त्या श्रमांचा अनादर करणे होय.

आपल्या आया-आज्यांनी चुल्लवग्ग वाचला नव्हता. तरी फाटक्या लुगड्यांची वाकळ, वाकळीचे पोतेरे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आज घरात दोन पैसे आले, मुले शिकली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याबरोबर एक समजही आली की जुने वापरणे म्हणजे दारिद्र्य आणि फेकून देणे म्हणजे मोठेपणा. ही समज धम्माला धरून नाही.

येथे कोणी विचारील, "गुरुजी, घाण उपसण्यातच आमच्या पिढ्या गेल्या. त्यातून बाहेर पडलो, तर पुन्हा कचऱ्याचीच गोष्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा, दुसऱ्याने टाकलेले उष्टे-शिळे तुकडे नाकारा. जन्माने लादलेली घाणीची कामे त्यांनी आपल्याला सोडायला लावली, आणि तेथूनच आपला स्वाभिमान उभा राहिला. परंतु बंधूंनो, दुसऱ्याची घाण उचलायला आपण नकार दिला, त्या वेळी आपली घाण दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर ठेवायचा अधिकार आपल्याला मिळाला काय? मुळीच नाही. तसे केले तर वर्णव्यवस्थेची तीच उतरंड राहील. फक्त आपण एक पायरी वर चढलेले असू.

आपल्या घरातला कचरा कोण उचलतो, ते एकदा नीट पाहा. १९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. पुढे २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचे काम सुरू केले. या कष्टकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक दलित समाजातल्या आहेत. म्हणजे आपल्याच बहिणी! ओल्या-सुक्याची एकत्र पिशवी आपण बांधून देतो, तेव्हा आपलीच बहीण ती हाताने निवडते. आत फुटकी काच असेल तर रक्त तिच्या बोटातून येते. शिळ्या आमटीत भिजलेल्या कागदाला भाव मिळत नाही. तिची तेवढी कमाई बुडते. आणि दारावर आल्यावर आपली मुले ओरडतात, "कचरेवाली आली!" अहो, कचरा करणारे आपण. कचरेवाले आपणच. तिला ताई म्हणावे, तिला पाणी विचारावे. शिळे अन्न मात्र तिच्या हातावर ठेवू नये. जे घेऊ नका असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले, ते आपण कोणाला कसे द्यावे? राजगृहाच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या सुनीताला भगवंतांनी संघात घेतले, हे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्या घरात विसरले जाऊ नये.

आता आचरणाचे बोलू. घरात तीन भांडी ठेवा. पहिल्यात ओले: भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा. दुसऱ्यात सुके: कागद, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या आणि विसळून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. हे रद्दीवाल्याला द्या किंवा कचरा नेणाऱ्या ताईला द्या. तिसऱ्यात घातक: बॅटरीचे सेल, जुनी औषधे, ब्लेड, फुटकी काच. काच व ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर तांबडी खूण करावी. बायकांचे पॅड आणि लहान मुलांचे लंगोट वेगळ्या कागदात गुंडाळून तशीच खूण करून द्यावेत. यात लाजण्यासारखे काही नाही. प्लास्टिक चुलीत किंवा अंगणात जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो.

ओल्या कचऱ्याचे घरीच खत होते. जुन्या बादलीला तळाशी व बाजूंनी भोके पाडा, तळाला नारळाच्या शेंड्या घाला. रोजचा ओला कचरा टाकला की त्यावर वाळलेल्या पाल्याचा थर द्या आणि आठवड्यातून एकदा हलवा. वास आला तर समजावे की ओल जास्त झाली, हवा कमी पडली, पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. हाच कचरा कचराडेपोच्या ढिगात हवेविना कुजला की ज्वलनशील वायू होतो. मुंबईच्या देवनारचा डेपो जानेवारी २०१६ मध्ये पेटला आणि धूर दिवसेंदिवस आजूबाजूच्या वस्त्यांवर राहिला. त्या वस्त्या श्रीमंतांच्या नव्हत्या, हे सांगायला नको.

भिक्खूंच्या पातिमोक्खात नियम आहे की हिरव्या गवतावर आणि पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्माने पाण्याची आणि गवताची एवढी काळजी घेतली, त्याच्या उपासकाने नाल्यात पिशवी कशी फेकावी?

शेवटी एक गोष्ट, थोडी कडू आहे, पण सांगतो. चौदा एप्रिलला आपण चौकाचौकांत फलक लावतो. त्यावर बाबासाहेबांचे चित्र असते. पंधरा एप्रिलला ते फ्लेक्स कोठे जाते? काही गटारीच्या कडेला पडलेले असतात. यंदा प्रत्येक विहाराने कापडी पंचशील ध्वज शिवून घ्यावेत. ते धुऊन, घडी घालून वर्षानुवर्षे वापरता येतात. पाण्यासाठी विहाराचे स्टीलचे पेले असावेत. त्यातून उरलेल्या पैशांत मुलांसाठी पुस्तके घ्यावीत. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना घरून एक कापडी पिशवी न्यावी आणि आपला कचरा तीत भरून परत आणावा.

येत्या पौर्णिमेला घरी वंदना झाली की सारे कुटुंब मिळून ही तीन भांडी मांडा. मुलांना आनंदांच्या वस्त्रांची गोष्ट सांगा. आणि हे काम घरातल्या बाईवर किंवा सुनेवर टाकू नका; पहिले भांडे घरातल्या कर्त्या पुरुषाने आपल्या हाताने रिकामे करावे. शील घरातून सुरू होते.

नमो बुद्धाय! जय भीम!