पाच वर्षांची ठेव

(अमळनेर. श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 साली स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिराचं आवार, संध्याकाळ. निवृत्त प्राध्यापक मामा आणि त्यांचा भाचा.)

भाचा : मामा, नानांना काल घरी आणलं. फाइलवर ‘हार्ट फेल्युअर’ वाचलं आणि आई रडायलाच लागली. आपल्याकडे हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेलाच!

मामा : दाजी तर ओसरीवर बसून चहा पिताहेत म्हणे.

भाचा : तेच तिला समजावलं. हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर कमी झालाय. म्हणून पायांना सूज, आडवं पडलं की दम. गोळ्या सुरू, मीठ कमी, पापड-लोणचं बंद, रोज सकाळी वजन. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एक आकडा सांगितला.

मामा : कोणता?

भाचा : तिरुवनंतपुरमला 2013 साली या आजाराने दवाखान्यात भरती झालेल्या सुमारे बाराशे रोग्यांची नोंद ठेवली होती. पाच वर्षांत शंभरातले 59 गेले. नानांना सांगू की नको?

मामा : आकडा शंभरांचा, दाजी एकटे. शिवाय सगळी योग्य औषधं त्या रोग्यांतल्या थोड्यांनाच मिळाली होती.

भाचा : आणि त्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास होतं, नाना अठ्ठ्याहत्तरचे. आकडा दोन्हीकडे ओढतो. म्हणून वाटतं, न सांगितलेलं बरं. उरलेले दिवस निर्धास्त जातील.

मामा : कोणाचे? त्यांचे की तुझे?

भाचा : टोमणा कळला. पण सांगून त्यांचा एक दिवस तरी वाढेल का?

मामा : नाही. पण आहेत ते दिवस कसे घालवायचे, हे त्यांना ठरवता येईल. शेवटी यंत्रावर ठेवायचं की नाही, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिली. ज्याला काही कळूच दिलं नाही, तो काय लिहिणार?

भाचा : आणि कळल्यावर हातपाय गाळून बसले तर? वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या वाळवंटात जायचं म्हणताहेत. आकडा ऐकला तर उंबरा ओलांडणार नाहीत.

मामा : किंवा यंदा चुकवणारच नाहीत. तुला माहीत नाही, मलाही नाही. सांगावं की नाही, हे नंतर. आधी सांग, ती माहिती कोणाची?

भाचा : (थोडा वेळ गप्प राहून) सकाळी नानांनी विचारलं, बँकेतल्या ठेवीची मुदत संपलीय, आता दोन वर्षांची करू की पाच? मी पटकन म्हटलं, पाच.

मामा : व्याज कशावर जास्त?

भाचा : जवळपास सारखंच.

मामा : मग ते व्याजाचं विचारत होते?

(भाच्याने खिशातून बँकेचा फॉर्म काढला. खाली नानांची वळणदार सही होती. मुदतीचा रकाना कोरा.)

भाचा : पाच म्हटलं तरी त्यांनी भरलं नाही.

मामा : घरी जा. आकडा पुढे करू नकोस. ‘नाना, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का? किती?’ एवढंच विचार. ‘काही नको’ म्हणाले तर तोही त्यांचाच हक्क.

भाचा : आणि ते पाचचं?

मामा : म्हणावं, मी घाईत बोललो.