खारेपाटातले भात आणि दिल्लीची कात्री

4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. एकाचे नाव डीआरआर धान 100, लाडाने ‘कमला’. दुसऱ्याचे पुसा डीएसटी राइस 1. जनुक संपादनाने तयार झालेले हे जगातले पहिलेच भाताचे वाण, असा गजर त्या दिवशी झाला. दुसऱ्या वाणाच्या सरकारी पत्रकात एक आकडा होता: क्षारपड आणि चोपण जमिनीत 9.66 ते 30.4 टक्के जादा उत्पादन. शिफारशीच्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही आहे.

महाराष्ट्रात खाऱ्या जमिनीतले भात म्हटले की पेणचा खारेपाट आणि रोह्याकडचा कुंडलिकेचा खाडीकाठ आठवायला हवा. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही बातमी दिल्लीतल्या कुठल्याही सत्तांतरापेक्षा मोठी. तिच्यावर वाद मात्र झाला तो पुण्या-मुंबईतल्या दोन तटांमध्ये, आणि दोघांनाही खारेपाट नकाशात दाखवता आला असता की नाही, अशी शंका येते.

पहिल्या तटाचे, म्हणजे जनुकबदल केलेल्या (जीएम) पिकांच्या विरोधकांचे, म्हणणे एका शब्दात सांगता येते: विष. त्यांचा हिशेब आधी चुकता करू. बीटी कापसाला देशात 26 मार्च 2002 रोजी परवानगी मिळाली आणि दहाएक वर्षांत कापसाखालचे बहुतेक क्षेत्र त्याने व्यापले. त्या कापसाची सरकी घाण्यावर जाते, तिचे तेल फरसाणात उतरते, पेंड गोठ्यात जाते आणि दूध चहात येते. परदेशी जीएम सोयाबीनचे तेल 2007 पासून रीतसर परवानगीने येते आहे. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीखाद्य महागले म्हणून सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली. ज्या वाटांनी ती यायची होती त्यांतली एक न्हावा-शेवा, म्हणजे रायगड जिल्ह्यातलेच बंदर, पेणपासून ट्रकने तासाभरावर. जीएम अन्न नको, अशी घोषणा देणारा माणूस रविवारी कोंबडी खात असेल, तर त्याने आपली घोषणा एकदा ताटाशी ताडून पाहावी.

तेलात जनुकांचा आणि प्रथिनांचा अंश जवळजवळ उरत नाही, हा प्रतिवाद बरोबर आहे. पण तो मग घोषणेतही दिसला पाहिजे. फ्रान्सच्या सेरालिनी यांचा गाठी आलेल्या उंदरांचा शोधनिबंध 2012 मध्ये गाजला, 2013 मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. आपल्याकडच्या व्याख्यानांतून ते उंदीर अजून फिरताहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 मध्ये शेकडो अभ्यास चाळून सांगितले की, बाजारात असलेल्या जीएम अन्नाने माणसाच्या प्रकृतीला जादा धोका असल्याचा पुरावा सापडत नाही. विषाचा मुद्दा इथे संपतो. बाकीचे मुद्दे संपत नाहीत, आणि या तटाचे खरे दुर्दैव हे की तेच मुद्दे त्याने विषाच्या मागे दडवून ठेवले.

दुसरा तट सरकारी. त्याचे उत्तर: अहो, हे जीएम नव्हेच! तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे. बीटी वांग्यात मातीतल्या जिवाणूचे जनुक घातले होते. पुसा डीएसटीमध्ये बाहेरचे काही घातलेले नाही. एमटीयू 1010 या आंध्रच्या जुन्या वाणातले डीएसटी नावाचे जनुक रेण्वीय कात्रीने निकामी केले आहे. हे जनुक बंद पडले की पानावरची रंध्रे कमी होतात, पाणी कमी उडते, रोप दुष्काळ आणि क्षार जास्त सोसते. असा बदल निसर्गातही होऊ शकतो, म्हणून 30 मार्च 2022 च्या आदेशाने अशा पिकांना 1989 च्या जैवसुरक्षा नियमांतल्या मुख्य अटींमधून सूट मिळाली.

मेख या सुटीत आहे. बीटी वांग्याला जनुकीय अभियांत्रिकी समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूर होते. आरडाओरड झाली, मंत्र्यांनी शिव्याही खाल्ल्या, आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी वांगे थांबले. थांबवणे योग्य होते का, हा वेगळा वाद. त्याच जनुकाचे वांगे 2014 पासून बांगलादेशात शेतकरी लावताहेत आणि लोक खाताहेत. पण कागद तरी चव्हाट्यावर आले होते. नव्या भाताला तो चव्हाटाच उरला नाही. 2025 च्या ऑक्टोबरात जीएमविरोधी संघटनांच्या आघाडीने भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्याच चाचणी अहवालांवर बोट ठेवून आरोप केला की, जाहीर केलेली वाढ त्या अहवालांत दिसत नाही. परिषदेने तो फेटाळला. कोण खरे, ते सामान्य वाचकाने ठरवायचे कशावर? विषाची भाषा सोडून आकड्यांवर आला की हाच तट किती कामाचा ठरतो, हे या प्रकरणात दिसले.

इथे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना बोलावणे भाग आहे, कारण बियाण्याच्या प्रश्नावर मराठीत सर्वांत धारदार विचार त्यांनी केला. गुजरातेत 2001 मध्ये परवानगी नसलेला बीटी कापूस हजारो एकरांवर उभा सापडला आणि सरकार तो उपटायला निघाले, तेव्हा जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांची मांडणी साधी होती. शहरातला माणूस हवा तो मोबाइल घेतो, हवे ते औषध परदेशातून आणतो. शेतकऱ्याला मात्र कुठले बी लावायचे ते दिल्लीतली समिती सांगणार. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हा बाजाराच्या स्वातंत्र्याचाच जुळा भाऊ. जोशी 2015 मध्ये गेले. पुढे 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सोसणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापसाची जाहीर पेरणी केली. पर्यावरण संरक्षण कायद्यात त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. सविनय कायदेभंगाचा हा प्रकार गांधींना पसंत पडला असता की नाही कोण जाणे, पण त्यात हिंमत होती.

ही मांडणी सहज मोडीत काढता येत नाही. विदर्भातली बाई तण काढताना वाकून वाकून मोडते आणि मजुरी परवडत नाही म्हणून शेत तणाखाली जाते, तेव्हा तिला जैवविविधतेचे प्रवचन देणाऱ्याने आधी खुरपे हातात घ्यावे.

पण त्याच कापसाने स्वातंत्र्याच्या या व्याख्येतले भोकही दाखवले. भारतात बीटी आले ते जवळजवळ सगळे संकरित वाणांत, म्हणजे दर हंगामात बी विकत घेणे आले. बोंडअळी काही वर्षे वाकली, मग गुलाबी अळीने दोन जनुकांचे बीटीही पचवले. 2017 मध्ये तिने महाराष्ट्रातला कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. सरकारी संस्थांनी पुन्हा पेरता येणारे ‘बिकानेरी नरमा’ बीटी वाण काढले, त्यात खासगी कंपनीचेच जनुक सापडले आणि ते गुंडाळावे लागले. चोरट्या तणनाशकरोधी बियाण्याचे पाकीट बिलाशिवाय मिळते. ते उगवले नाही तर दाद कोणाकडे मागायची? जोशींचा शेतकरी निवडायला मोकळा होता. निवडण्याआधी त्याला माहिती कोण देणार, हे मात्र त्यांनी बाजारावर सोपवले, आणि बाजाराने त्याला पाकिटावरचे चित्र दिले.

पुसा डीएसटी या बाबतीत कापसाहून बरा. तो सरळ वाण आहे, घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते, आणि तो सरकारी संस्थेचा आहे. कात्रीच्या तंत्राची पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत, ही चिंता आहेच. तरीही खारेपाटाला हे बी मिळावे, असाच कौल इथपर्यंतच्या हिशेबावरून निघतो.

तो कौल खारेपाटात उतरल्यावर डळमळतो.

पेण ते अलिबाग हा खाडीकाठ समुद्राकडून मिळवलेला आहे. मातीचे बांध घालून भरती अडवायची, उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, आणि पावसाने मीठ धुऊन निघाले की भात करायचे. खाचरात रहू टाकतात: बी भिजवून, मोड आणून, चिखलावर फोकायचे. रोप कोवळे असतानाच मिठाची पहिली परीक्षा होते. पाऊस आठवडाभर रुसला तर मीठ वर येते आणि कोंब करपतात. दुसरी परीक्षा फुलोऱ्यात. या दोन्ही परीक्षांना शेतकऱ्याची स्वतःची उत्तरे होती. काळा रता, भुरा रता हे जुने वाण त्याच जमिनीत निवडले गेले. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने, म्हणजे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्राने, भुरा रत्याचा आयआर 8 शी संकर करून पनवेल मालिकेतले सुरुवातीचे वाण काढले. जनुकांची ही घडामोड कात्रीशिवायच झाली, आणि तिच्यावर एकही दूरचित्रवाणी चर्चा झाली नाही.

म्हणजे पेणच्या शेतकऱ्याला नवा भात एमटीयू 1010 पेक्षा किती सरस, हे कळून उपयोग नाही. तो एमटीयू 1010 खाऱ्या खाचरात लावतोच कशाला? त्याला हवी ती तुलना पनवेल 3 शी आणि काळ्या रत्याशी. सरकारी पत्रकात ती नाही.

आणि समजा, तुलनेत नवा भात जिंकला. पुढे काय? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा बराच उतरतो, पण उधाणाला बांधाला खांड पडली आणि पाणी आत शिरून राहिले तर काळा रता मरतो, पनवेल 3 मरतो आणि दिल्लीचा भातही मरेल. पूर्वी बांधांची निगा ‘जोळ’ पद्धतीने होत असे. खांड पडली की गाव बाहेर पडायचे, घरटी माणूस मातीला लागायचा. स्वातंत्र्यानंतर खार जमिनींसाठी कायदा झाला, मंडळ आले, बांध सरकारी झाले आणि जोळ मोडली. आता खांड पडली की अर्ज जातो. अर्जाला उत्तर येईपर्यंत आत खारफुटी उगवते, आणि खारफुटीला न्यायालयाचे संरक्षण असल्याने मालकाला आपल्याच शेतात कोयता चालवता येत नाही. कांदळवन वाचलेच पाहिजे. पण शेताचे कांदळवन सरकारी दिरंगाईने होत असेल तर त्याची भरपाई कोणी द्यायची, हा शेतकऱ्याचा प्रश्न उरतोच.

शरद जोशींचे गणितही याच बांधावर अडते. कापसाचे बी एकेकट्याने निवडता येते, बांध एकेकट्याने राखता येत नाही. शेजाऱ्याच्या हद्दीत खांड पडली तर तुमचे निवडीचे स्वातंत्र्य त्याच भरतीत वाहून जाते. खारेपाटातला भाताचा प्रश्न आधी जोळीचा आहे, मग जनुकाचा.

याच पेण तालुक्यात 21 सप्टेंबर 2008 रोजी एक गोष्ट घडली होती. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन द्यायची की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मतदान घेतले. निकाल अधिकृतपणे जाहीर करण्याचे धैर्य सरकारला झाले नाही, पण बहुसंख्यांनी ‘नाही’ म्हटल्याचे सर्वांना कळले आणि सेझ गेला. ज्या शेतकऱ्यांना जमिनीबद्दल मतपत्रिका देता येते, त्यांना बियाण्याबद्दल दोन पानांचा मराठी तक्ता देता येणार नाही असे नाही.

तेव्हा कोकण कृषी विद्यापीठाने येत्या खरिपात पुसा डीएसटी, पनवेल 3 आणि काळा रता पनवेलच्या केंद्रावर आणि पेण-रोह्याच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांच्या खाचरांत शेजारी शेजारी लावावेत. मातीची क्षारता, उतारा, भाकरीची चव आणि पोह्यांच्या गिरणीतला दर असे सगळे मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावे. नवा भात जिंकला तर विद्यापीठाने खर्चाच्या भावात बी द्यावे, हरला तर तसे छापावे. आणि खार जमीन विभागाने त्याच फळ्यावर, शेजारच्या रकान्यात, तालुक्यातल्या उघड्या खांडींची यादी आणि प्रत्येकीच्या दुरुस्तीची तारीख लिहावी.