वेलांटी कुणाची, ओझे कुणाचे?

आमच्या धाकट्या खाला चौथीपर्यंत शिकल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या त्यांच्या खेड्यात मराठी शाळा होती, तीही तेवढीच. घरात बोलणे दखनीत, मकतबात अरबी अक्षरांची ओळख, आणि लिहायचे म्हटले की मराठी. लग्नानंतर चाळीस वर्षे त्यांनी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिले नसेल. पुढे मुलाने मोबाईल घेऊन दिला आणि साठी ओलांडल्यावर खाला पुन्हा लिहू लागल्या. एका रमजान ईदला घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा संदेश आला : "सर्वाना ईदच्या शूभेच्या. शीरखुरमा प्यायला या. मि वाट बगते."

पाच मिनिटांत आमच्या पुण्याच्या मावसभावाने तोच मजकूर 'शुद्ध' करून खाली टाकला. सोबत एक हसणारा चेहरा. त्याखाली आणखी आठ-दहा हसणारे चेहरे उमटले. त्यातला एक आमचाही होता. त्या दिवसापासून खालांनी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. दर जुम्म्याला गुलाबाच्या फुलाचे चित्र तेवढे येई.

रोजच्या निरोपांत शुद्धलेखनाच्या चुकांना खरोखर काही महत्त्व आहे काय, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून सतावतो आहे. याची दोन उत्तरे सगळीकडे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, भाषा म्हणजे संस्कार. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही त्याने लिहूच नये. दुसरा म्हणतो, भावना पोचल्या ना, मग वेलांटी पहिली की दुसरी याने काय बिघडते? आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दोघेही चुकीकडे पाहतात. ती चूक कुणाला भोगावी लागते, याकडे कुणीच पाहत नाही.

आधी 'शुद्ध' म्हणजे काय ते पाहू. आज आपण पाळतो ते मराठी लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले आणि महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये ते मान्य केले. तेव्हा ते 14 होते. 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. त्यापूर्वी 'नाहीं', 'कां', 'त्यांनीं' असे अनुस्वार देऊन लिहिणे शुद्ध समजले जाई. आमच्या एका वृद्ध मास्तरांची पत्रे अशा अनुस्वारांनी भरलेली असत. तारुण्यात ज्या अक्षरांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळवून दिले, त्याच अक्षरांना म्हातारपणी नातवाने लाल शाईने गोल केले. मास्तर बदलले नव्हते, नियम बदलला होता. नियम नकोत असा याचा अर्थ नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशात एकमेकांचे लिहिलेले एकमेकांना वाचता यावे म्हणून काही करार लागतोच. पण करार तो करारच. त्यावरून माणसाची अक्कल किंवा अदब मोजता येत नाही.

शिवाय आपल्या तोंडातले किती शब्द 'शुद्ध' आहेत? फारसीत लिहिणाऱ्याला 'नवीस' म्हणतात. मराठीत येता येता तो 'चिटणीस' आणि 'पोतनीस' यांच्या शेपटात जाऊन बसला. फारसीच्या हिशेबाने ही चूक. मराठीच्या हिशेबाने प्रतिष्ठित आडनाव. आपण घरी 'मस्जिद' म्हणतो आणि मराठीत 'मशीद' लिहितो. दोन्ही बरोबरच आहेत. आणि दखनीतला 'नक्को' कोणत्या नियमाने तपासणार? जी बोली आपण आईच्या मांडीवर शिकलो तिचे शुद्धलेखन कुठल्याच शाळेत शिकवले जात नाही.

खालांच्या संदेशाचीच गंमत पाहा. मावसभावाने त्यांचा 'शीरखुरमा' बदलून 'शिरखुर्मा' केला होता. 'खुर्मा' ठीक. पण फारसीत 'शीर' म्हणजे दूध, तिथला स्वर दीर्घच आहे. मराठीत 'शिर' म्हणजे डोके! खालांनी दुधात खजूर घातला होता. दुरुस्त करणाऱ्याने डोक्यात घातला. अर्थात मराठीत 'शिरखुर्मा' रुळला आहे आणि तो चूक म्हणण्याचे कारण नाही. एवढेच म्हणायचे, की हसणाऱ्याने हसण्यापूर्वी जरा दम खावा.

हा दोष फक्त मराठीच्या शुद्धतावाद्यांचा आहे असे मानून आपण सुटू नये. आपल्यातही हे भरपूर आहे. दरवर्षी चंद्र दिसायच्या आधी 'रमजान' की 'रमदान' यावर वाद रंगतो. 'इन्शाअल्लाह' जोडून लिहू नका, अर्थ बदलून गुन्हा घडतो, असे बजावणारे संदेश घरोघर फिरतात. अरबी लिपीत हे तीन सुटे शब्द आहेत आणि पहिले दोन जोडले तर 'निर्मिती' असा वेगळा शब्द तयार होतो, हे खरे आहे. पण देवनागरीत लिहिणाऱ्या माउलीला त्याचे काय? तिच्या मनात 'अल्लाहची मर्जी असेल तर' याखेरीज दुसरे काही नसते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत आयेशा यांची एक रिवायत आहे. कुरआन जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब आहे, असा तिचा आशय. अल्लाहच्या कलामाच्या बाबतीत अडखळणाऱ्याची अशी कदर होते. मग ईदच्या आवतणात अडखळणाऱ्याला आम्ही हसणारा चेहरा पाठवतो, तो कोणत्या अधिकाराने?

इथवर आले की दुसऱ्या पक्षाला आनंद होईल. पण त्याचेही सगळे खरे नाही.

सातव्या शतकात बसरा येथे अबुल अस्वद अद्-दुअली नावाचे विद्वान होते. त्या काळच्या अरबी लेखनात जेर-जबरच्या खुणा नव्हत्या. परंपरा असे सांगते, की सूरह तौबाची तिसरी आयत कुणीतरी चुकीची वाचताना त्यांनी ऐकली. अल्लाह आणि त्याचे रसूल मूर्तिपूजकांपासून मुक्त आहेत, असा तिचा आशय. वाचणाऱ्याने 'रसूल' या शब्दाच्या शेवटी पेशाच्या जागी जेर लावला, आणि अल्लाह रसूलपासूनही मुक्त आहे असा भयंकर उलटा अर्थ झाला. अबुल अस्वद हादरले, आणि स्वर दाखवण्यासाठी अक्षरांवर-खाली वेगळ्या शाईचे ठिपके देण्याची पद्धत त्यांनी घातली, असे मानतात. यात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की चुकणाऱ्याची खिल्ली उडवून ते घरी गेले नाहीत. पुढचा माणूस चुकू नये अशी सोय त्यांनी केली.

उर्दू जाणणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. एका नुक्त्याने 'दुआ'चा 'दगा' होतो आणि 'महरम'चा 'मुजरिम'. मराठीतही एका अक्षराचा खेळ काही कमी नाही. "रात्रीची गोळी देऊ नका" या निरोपातला 'न' गळला तर "गोळी देऊ का" उरते. बजावणीचा प्रश्न होतो, आणि घाईत कुणी "हो" म्हणून टाकले तर? औषधाचे प्रमाण, गाडीची वेळ, खात्याचा क्रमांक, मयतीची नमाज कोणत्या वक्ताला – अशा निरोपांत "भावना पोचल्या ना" हे उत्तर चालणार नाही. तिथे चूक ही चूकच असते.

सर्वांत मोठी चूक मात्र नावातली. आमच्या वडिलांचे नाव सातबाऱ्यावर 'महमद', शाळेच्या दाखल्यावर 'महंमद' आणि आधार कार्डावर 'मोहम्मद' असे पडले. यातले एकही अक्षर वडिलांच्या हातचे नव्हते. तिन्ही ठिकाणी लिहिणारे हात वेगळे, आणि तिघांनाही पगार मिळत होता. पण ते गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी हे तिघे एकच गृहस्थ होते, याचे प्रतिज्ञापत्र आम्हाला करावे लागले. हेलपाटे आमचे, मुद्रांक आमचा, आणि वर "नाव नीट लिहीत जा" हा उपदेशही आम्हालाच. असे कागद किती घरांत असतील ते वाचकांनीच आपापल्या कपाटात पाहावे.

आसामात हीच गोष्ट किती दूर जाऊ शकते ते आपण पाहिले. 31 ऑगस्ट 2019 रोजी तिथल्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी जाहीर झाली तेव्हा 19 लाख 6 हजार 657 जण तिच्याबाहेर राहिले. त्यांत मुसलमान होते, तसे हिंदूही होते. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल; पण एका कागदावरचे नाव दुसऱ्या कागदाशी न जुळणे हे त्या काळात वारंवार ऐकू आलेले गाऱ्हाणे होते. वडिलांच्या नावात एखादा स्वर इकडचा तिकडे झाला, की मुलाचा बाप कोण हे सिद्ध करण्याची पाळी यायची. कारकुनाची चूक असो की गरिबाची, दंड गरिबालाच होतो. वेलांटीचे खरे वजन काय असते ते अशा वेळी कळते.

म्हणून आम्हाला असे वाटते : शुद्धलेखन हा दागिना नाही, ती अमानत आहे. आपले लिहिलेले ज्याला भोगावे लागणार आहे, त्याची अमानत. तो जितका दुबळा, तितकी आपली जबाबदारी मोठी. दाखला लिहिणारा, चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर, निकाहनामा भरणारा काझी, मुलांसाठी पुस्तक लिहिणारा लेखक यांना चुकीची सूट नाही. कारण त्यांची चूक दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. पण जिथे चुकीचे ओझे कुणावरच पडत नाही, फक्त वाचणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते, तिथे ते थांबणे हे वाचणाऱ्याचे कर्तव्य आहे. खालांच्या 'बगते'मुळे कुणाची वाट चुकली? सगळ्यांना समजले होते, की म्हातारी वाट पाहते आहे.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. "आपल्या पोरांना काय करायचे शुद्धलेखन" असे म्हणणारे कधी कधी आपल्यातच भेटतात. ही माया नव्हे. त्यांच्या पोराचा नोकरीचा अर्ज उद्या जो वाचेल, तो मायेने वाचणार नाही. चार चुका दिसताच तो अर्ज बाजूला सारील, आणि नाव पाहून सारला की चुका पाहून, हे कुणालाच कळणार नाही. निदान ते एक निमित्त तरी आपण त्याच्या हाती देऊ नये. तेव्हा मुलांना शिकवावे, कसून शिकवावे. पण जवळ बसवून. चारचौघांत चूक दाखवली की माणूस शिकत नाही, गप्प होतो. गप्प झालेल्याच्या चुका दिसत नाहीत, त्याला सुधारणा म्हणण्यात अर्थ नाही.

आमचे हसू आम्ही परत घेऊ शकलो नाही. मावसभावाला मात्र ते लागले असावे. गेल्या बकरी ईदला तो खालांकडे गेला आणि शिरखुर्म्याची कृती कागदावर लिहून मागू लागला. खाला बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "फिर हसेगा नै ना रे?" तो म्हणाला, "नै खाला."

अर्धे पान झाले. ते पान आम्ही पाहिले आहे. 'खजूर'चा दुसरा उकार ज्याच्या-त्याच्या शब्दावर भलतीकडेच गेला आहे, 'चारोळी'तला 'ळ' हरवला आहे. पण दूध किती, शेवया किती, तूप कधी, आच केव्हा मंद करायची, यात कुठेही खाडाखोड नाही. त्यावरून त्याने शिरखुर्मा केला. मापात एकही चूक नव्हती.