दोन घासानं काय होते?

उभा राहा. चहा नंतर. चाळिशी ओलांडलीस, दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावलीस, म्हणून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसशील असं नाही. आधी ऐकून घे.

मघाशी फाटकातून येताना काय म्हणालास? "गुरुजी, कटाळलो आता. उद्या पहाटे गाडीत टाकतो अन् समृद्धीकडे नेऊन सोडून देतो त्याले." पुन्हा बोल बरं. नाही निघत ना तोंडातून? मग पहिल्यांदा कसं निघालं?

११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा आपल्या शेलूबाजारला उतार मिळाला, जमिनीला भाव आला, म्हणून तूच पेढे घेऊन आला होतास. त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि दोन्ही बाजूंना कुंपण आहे. चुकून आत शिरलेल्या जनावराला बाहेर पडायची वाट सापडत नाही. तिथं तू आपल्या कुत्र्याला, शेरूला सोडणार. 'सोडणार' म्हणतोस, कारण 'मारणार' म्हणायची तुझी छाती नाही.

कायदाही ऐकून ठेव. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल असं टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हसलास? हसू नकोस. कायद्यानं तुझ्या लाजेची किंमत फार कमी धरली, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे तो दर चालत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. शेरूला काय झालंय ते सांग. "पोटाचं आहे काही तरी." आठ महिने जनावर घरात आजारी आहे, अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, आणि तुला अजून 'काही तरी'! आठवीत मी पचनसंस्था फळ्यावर काढली तेव्हा तू खिडकीतून बैल मोजत होतास. आज पुन्हा काढतो.

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातून पाचक रस आतड्यात उतरतो. त्यातली विकरं तीन कामं करतात: अमायलेज भात-पोळीतल्या पिष्टाचे तुकडे करतं, ट्रिप्सिन मांस-डाळीतल्या प्रथिनांचे, लायपेज तेला-तुपातल्या मेदाचे. शेरूच्या स्वादुपिंडानं हा रस करणंच सोडलंय. पोटात अन्न पडतं, पण अंगी लागत नाही. भरलेल्या ताटासमोर बसून तो उपाशी आहे. म्हणून तो पातेलं चाटून पुसून खातो आणि तरी बरगड्या मोजता येतात. म्हणून शी पिवळट, तेलकट, ढीगभर आणि उग्र वासाची. आणि म्हणूनच तो स्वतःची शी खातो. तुम्ही त्याला ओंगळ म्हणून काठी घातलीत. लेका, न पचलेलं अन्न तसंच बाहेर पडत होतं, आणि भुकेनं कासावीस झालेलं जनावर ते परत घेत होतं. काठी कोणाला बसायला हवी होती?

गावानं काय म्हणावं? "त्याले भस्म्या झाला." कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं जंत. तू जंताची गोळी तीनदा दिलीस, नजर दोनदा उतरवलीस, आणि रक्त तपासायला पाच महिने लावलेस. या रोगाचं एक ध्यानात ठेव: रस करणारा जवळजवळ नव्वद टक्के भाग निकामी होईपर्यंत तो बाहेर दिसतच नाही. म्हणजे लक्षण दिसलं त्या दिवशीच कोठार रिकामं झालेलं असतं. एवढं मोठं पोतं फुटेपर्यंत तुला कळलं नाही, याचा दोष मी तुला देत नाही. कळल्यावर तू जे केलंस, त्याचा देतो.

तू ते पिल्लू कसं आणलंस? जर्मन शेफर्ड, स्वस्तात मिळालं, दुकानासमोर बांधलं की रुबाब. आई-बापाची तब्येत विचारलीस? या जातीत हा रोग रक्तातून उतरतो आणि बहुतेकदा ऐन तरुणपणी उपटतो. बैल घेताना दात मोजतोस, चाल बघतोस, मागच्या मालकाला चार प्रश्न विचारतोस. इथं कान उभे दिसले आणि पैसे मोजलेस. ते झालं ते झालं. पण या शेरूची जोडी लावून पिल्लं विकायचा बेत तू मागच्या दिवाळीत बोलला होतास. तो बेत आजपासून बंद. एक दुःख दहा घरी वाटू नकोस.

आता उपचार. सरळ आहे. स्वादुपिंड जो रस करत नाही, त्याची पावडर प्रत्येक जेवणात कालवायची. प्रत्येक जेवणात. आयुष्यभर. ब जीवनसत्त्वातलं बारावं या रोगात अंगात मुरत नाही, कारण ते शोषून घ्यायला लागणारा घटक कुत्र्यात मुख्यतः स्वादुपिंडातूनच येतो. म्हणून डॉक्टर सांगतील तसं इंजेक्शन किंवा गोळी. दिवसातून दोनदा ठरलेलं, मोजलेलं, एकाच तऱ्हेचं जेवण. बस. यात तुला न कळण्यासारखं काय होतं?

केलंत काय ते मी सांगतो. पावडर सुरू झाली, दोन आठवड्यांत शी बांधून आली, अंग भरायला लागलं, आणि तू म्हणालास, "बरा झाला." पावडर बंद! अरे, बरा नाही झाला, पावडरीनं चालला होता. कुबडी घेऊन माणूस दोन पावलं चालला की कुबडी चुलीत घालतोस का?

पुन्हा हगवण लागली तेव्हा पुन्हा पावडर. या वेळी ती वाफाळत्या भातावर टाकलीत. विकर हे प्रथिन आहे, उष्णतेनं मोडतं. महागाचं औषध तुमच्या घरच्यांनी रोज शिजवून मारलं आणि मग म्हणालात, गुण येत नाही. अन्न आधी कोमट होऊ द्यायचं, मग कालवायचं. बोट बुडवून बघायला काय पैसे पडतात?

मग आला पोळा. बैलांना पुरणपोळी दिली ती योग्यच, वर्षभर राबतात. पण तुझी माय शेरूला बघून म्हणाली, "बिचारा पाहून राह्यला," आणि तुपाची धार सोडून दोन पोळ्या त्याच्यापुढे ठेवल्या. दुसऱ्या दिवशी करीला बोकडाची हाडं. तिसऱ्या दिवशी ओसरीभर हगवण, आणि चौथ्या दिवशी तू माझ्याकडे, "गुरुजी, औषध लागूच पडत नाही."

मी मायला विचारलं तर ती म्हणाली, नामदेव महाराज नाही का कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले? बरोबर आहे. कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यात त्यांना विठ्ठल दिसला, ही कथा मीच तुला तिसरीत सांगितली. पण नीट वाच. नामदेवांनी त्या कुत्र्याला काय हवं ते बघितलं. तुम्ही तुम्हाला काय द्यायला गोड वाटतं ते दिलंत. शेरूच्या पोटात मेद पचवणारं विकरच नाही. त्याच्या मागे वाटी घेऊन धावायचंच असेल तर पावडरीची वाटी घेऊन धावा.

आणि ते तुमचं लाडकं वाक्य: "दोन घासानं काय होते?" मी हिशेब केला. माय सकाळी दोन घास. पोरं शाळेतून आली की चहात बुडवलेलं बिस्किट. शेजारची काकू उरलेली भाजी-भाकर कुंपणावरून. दुकानावरचा पोऱ्या चिवडा. तू रात्री जेवताना ताटाखालून पोळी. या एकाही घासात पावडर नाही, म्हणजे यातला एकही घास त्याला पचत नाही. फक्त आतडी नासवतो. पाच माणसांचे दोन-दोन घास म्हणजे दहा घासांचं रोजचं विष, आणि प्रत्येकाच्या मनात आपण दोनच दिल्याचं समाधान.

त्या पाचांत सहावा मी. हो. मागल्या महिन्यात तू त्याला घेऊन इथं आलास तेव्हा मी ग्लुकोजचं बिस्किट पुढे केलं. शेपटी हलली आणि मलाही बरं वाटलं. नंतर तू फोनवर सांगितलंस की रात्रभर बाहेर जात होता. तेव्हापासून त्या बरणीला मी झाकण घट्ट लावलंय. चूक माझीही होती, पण मी ती दुसऱ्यांदा केली नाही. आपल्यात एवढाच फरक आहे, आणि तो थोडा नाही.

आता मान वर कर. तुझ्या वडिलांना साखरेचा आजार होऊन किती वर्षं झाली? बारा. इन्सुलिन कधी चुकलं? नाही. लग्नाला जाताना तू बर्फाच्या डब्यात घेऊन जातोस. "दोन दिवस नाही टोचलं तर काय होते," असं घरात कोणी म्हणतं का? बरा झाला म्हणून बंद केलंस का? बारा वर्षांत "कटाळलो" म्हणालास का?

इन्सुलिन कुठं तयार होतं? त्याच स्वादुपिंडात. एक भाग रक्तात इन्सुलिन सोडतो, दुसरा आतड्यात पाचक रस. तुझ्या वडिलांचा एक भाग थकला, शेरूचा दुसरा. आणि ते इन्सुलिन माणसाच्या हाती आलं कसं, ठाऊक आहे? १८८९मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्याला मधुमेह झालेला बघितला. १९२१मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून ते मिळवलं. किती कुत्री त्या मेजावर गेली, तेव्हा तुझे वडील आज ओसरीवर बसून नातवाला गोष्ट सांगतायत. त्या जातीचं एक जनावर तुझ्या दारात त्याच अवयवापायी उपाशी आहे आणि तू त्याला रस्ता दाखवतोस!

पैशाचं म्हणतोस. पावडर महाग आहे, खरं आहे, मी नाकारत नाही. सोयाबीनला भाव नाही, तेही खरं. पण हिशेब मांडू. खर्र्याच्या पुड्या दिवसाला किती? गेल्या वर्षी भाच्याच्या वरातीत डीजेला किती मोजलेस? आणि पावडर परवडत नसेल तर डॉक्टरांना विचार. खाटकाकडून बोकडाचं ताजं स्वादुपिंड आणून, बारीक करून, कच्चंच अन्नात मिसळण्याचा जुना उपाय आहे. गोठवून ठेवलं तरी गुण राहतो, शिजवलं की जातो. मात्र कच्च्या मांसातून दुसरा रोग घरात शिरू शकतो, म्हणून मनानं नाही, विचारून. विचारायला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. तुरीवर अळी दिसली की कृषी केंद्रावर दोनदा चकरा मारतोस, फवारणीची तारीख कधी चुकत नाही. गाईनं शेण पातळ टाकलं तर रात्री अकराला डॉक्टरचा फोन वाजवतोस. कारण गाय दूध देते. शेरू काय देतो? रात्री दुकान तुझ्या भरवशावर झोपतं का त्याच्या?

तू निर्दय नाहीस, हे मला माहीत आहे. निर्दय असतास तर इथं आलाच नसतास, पहाटे गाडी काढून मोकळा झाला असतास. तुझा दोष वेगळा आहे. तू माया उसळीनं करतोस. उमाळा आला की तूप, कंटाळा आला की समृद्धी. आजारी जनावराला उसळी पचत नाही, त्याला नेम लागतो. वारकऱ्याचं मोठेपण एका वर्षी नाचत पंढरपूरला गेल्यात नसतं. पाऊस असो, दुष्काळ असो, दर वर्षी जाण्यात असतं. हा रोग बरा होणारा नाही, सांभाळण्याचा आहे. नीट सांभाळलेली कुत्री वर्षानुवर्षं धडधाकट जगतात. तुझ्या घरात दत्ताची तसबीर आहे, दत्ताचं कारंजा आपल्याच जिल्ह्यात, दर गुरुवारी हार घालतोस. पायाशी बसलेली चार कुत्री कधी मोजलीस का? त्यातल्या एकाला तरी दत्तानं कंटाळून घालवून दिलंय का?

आता शिक्षा. दुकानातून शंभर पानी वही घे. रोज चार रकाने: जेवणाचं माप, पावडर किती, शी कशी, वरचं खाणं कोणी दिलं. चौथ्या रकान्यात नाव लिहायचं, मग ती माय असो नाहीतर तू. दर रविवारी धान्याच्या काट्यावर शेरूचं वजन. पोरांना सांग, लाड करायचे तर गळ्यात हात घाला, पाठ खाजवा, चेंडू फेका. खायला मात्र कोणी काही टाकणार नाही. शेजारच्या काकूंना मी स्वतः सांगतो. जेवणाची वेळ सकाळी सात, संध्याकाळी सात. एक महिना वही मला दाखवायची. महिन्यानं ती वही घेऊन शेरूला अकोल्याला न्यायचं.

बस आता. चहा घे. शेरू गाडीत आहे ना? आण त्याला आत, पाणी ठेवतो.

आणि बिस्किटाच्या बरणीकडे बघू नकोस.