सिस्टर, रात्री किती जण असता?

पेशंटला घरी सोडायचं ठरलं, बिल भरून झालं, फाइल हातात आली, की नातेवाइकांपैकी कुणीतरी खाली जाऊन पेढे आणतं. अर्ध्या किलोचा बॉक्स नर्सिंग स्टेशनच्या काउंटरवर ठेवायचा, ‘सिस्टर, तोंड गोड करा’ म्हणायचं आणि लिफ्टकडे वळायचं. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलेबी, ही वाटणीही बऱ्याच घरांत अजून टिकून आहे. म्हणजे काय द्यायचं ते आपल्या घरच्या बातमीवरून ठरतं. खाणाऱ्याचा विचार त्यात कुठे येतो?

तिच्या बाजूने बघा. सकाळपासून आलेला हा कदाचित तिसरा बॉक्स असेल. हातात ग्लोव्हज आहेत, सलाइन संपत आलंय, चार नंबरचे आजोबा बेल वाजवतायत. जिलेबी खाल्ली तर हात धुवायला जावं लागणार. पेढ्यांचा उघडा बॉक्स दहा हातांखालून जातो. कुणाला मधुमेह असतो, कुणाचा गुरुवार असतो. सकाळी उघडलेला बॉक्स रात्रपाळीपर्यंत बहुधा रिकामा होतो. आणि लादी पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा? त्यांना उरलं तर मिळतं.

त्यापेक्षा सुट्या पाकिटातली राजगिऱ्याची वडी बरी. खिशात राहते, हाताला चिकटत नाही, उपवासाला चालते, मध्यरात्रीही तशीच असते. पेढ्यांपेक्षा स्वस्तही पडते. मधुमेह असणाऱ्यांसाठी सोबत भाजलेल्या शेंगदाण्यांची छोटी पाकिटं ठेवता येतात. यात फार मोठं काही नाही, फक्त आपला आनंद बाजूला ठेवून समोरच्या माणसाचा दिवस कसा जातो हे पाहिलेलं असतं.

पण खाऊ द्यावाच का, हाही प्रश्न आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भेटवस्तूंवरच्या निबंधात दाखवलं, की भेट घेणाऱ्यावर परतफेडीचं बंधन येतं. अ‍ॅडमिट झाल्याच्या दिवशी दिलेला बॉक्स म्हणूनच मला खटकतो. ‘आमच्या आईकडे जरा जास्त लक्ष द्या’ हे न बोलता सांगितलं जातं, आणि ते जास्तीचं लक्ष शेजारच्या खाटेवरच्या, एकट्या आलेल्या बाईच्या वाट्यातून जाऊ शकतं. घरी जाताना दिलं तर मागण्यासारखं काही उरत नाही. सगळ्यांसाठी म्हणून दिलं तर कुणा एकीवर भार पडत नाही.

शिवाय नर्सचं काम खाऊवर चालत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांची शुश्रूषा तिथल्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत केली. नर्सेसच्या कित्येक पिढ्या बदलल्या. त्या सेवेची परतफेड कुठल्या बॉक्सने होणार होती?

मग खाऊ ही निव्वळ स्वतःची समजूत का? तशी ती सहज होऊ शकते. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजवल्या. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या, तेव्हा गॅलऱ्यांमध्ये कुणी थाळी घेऊन उभं नव्हतं. आभार मानून झाले की हिशेब मिटला असं वाटणं, हा आभारातला खरा धोका आहे.

तरीही मी म्हणेन, द्यावं. पण नीट निवडून द्यावं, कारण नीट निवडायचं तर आधी विचारावं लागतं: ‘सिस्टर, रात्री किती जण असता?’ आपण वड्या मोजण्यासाठी विचारतो आणि उत्तर येतं, ‘दोघी.’ वॉर्डात खाटा चाळीस. मग आपल्याला कळतं, की परवा रात्री बेल दाबल्यावर दहा मिनिटं कुणी का आलं नव्हतं. वड्या किती घ्यायच्या तेही कळलेलं असतं. पण त्या ‘दोघी’चं काय करायचं, हा प्रश्न आता आपल्याबरोबर घरी येतो. तो पाकिटात बांधून काउंटरवर ठेवता येत नाही.