भोंगा सगळ्यांसाठी वाजतो तेव्हा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२२मध्ये या गावाने एक गोष्ट ठरवली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि घराघरांतले मोबाइल आणि टीव्ही बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल, मग ज्याला जे हवं ते त्याने करावं. मधल्या दीड तासात अभ्यास, वाचन, गप्पा. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात फोन आले होते. शाळा उघडल्या तरी ते सुटेनात, म्हणून हा मार्ग.

गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात सूरज नावाचं गाव आहे. २०१६मध्ये या गावानेही फोनबद्दल एक निर्णय घेतला. अविवाहित मुलींनी मोबाइल वापरायचा नाही. वापरताना सापडल्यास २,१०० रुपये दंड. कारण काय, तर मुलींचं अभ्यासातलं लक्ष उडतं.

दोन्ही गावांनी फोनवर बंदी आणली आणि दोन्ही गावांनी मुलांच्या भल्याचंच कारण सांगितलं. तरीही पहिली गोष्ट वाचून मला बरं वाटतं आणि दुसरी वाचून संताप येतो. हा नुसता माझ्या आवडीनिवडीचा भाग आहे, की त्यामागे काही तत्त्व आहे? किशोरवयीन मुलांना फोनपासून दूर ठेवण्याचा अधिकार कुणाला, आणि कोणत्या अटीवर?

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे, कुणालाच नाही. ज्याला त्रास होतो त्याने फोन बाजूला ठेवावा. मन घट्ट करावं, अ‍ॅप काढून टाकावं. मोठी माणसं हे सारखं सांगतात आणि आपणही स्वतःला हेच सांगतो. पण या उत्तरात एक गफलत आहे. ते फोनला गुटख्यासारखं समजतं, म्हणजे सोडणाऱ्याचा फायदाच फायदा. सोशल मीडिया तसा नाही. सगळा वर्ग तिथे असताना एकट्याने बाहेर पडणं म्हणजे सहलीची बस सुटल्यावर मागे राहणं.

शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३मध्ये हे आकड्यांत मांडलं. त्यांनी अमेरिकेतल्या हजारावर कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे इन्स्टाग्राम बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं ४७ डॉलर. मग विचारलं, तुमच्यासकट सगळ्यांचंच बंद झालं तर? आता आकडा उलटा फिरला. तसं घडावं म्हणून विद्यार्थी सरासरी १० डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला तयार होते. म्हणजे जी गोष्ट नसती तर बरं झालं असतं असं वाटतं, तीच एकट्याने सोडायची म्हटली की नुकसानभरपाई हवी.

याला व्यसन म्हणा, पण हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. रात्री अकराला वर्गाच्या ग्रुपवर कुणाची तरी चेष्टा चालू असते, आणि आपण तिथे नसलो तर आपलीच चालू असेल, ही भीती खोटी नसते. स्नॅपचॅटची स्ट्रीक एक दिवस चुकली की तुटते, आणि ती तुटल्याचा अर्थ समोरचा लावतो. एकाचा संयम इथे दुसऱ्याला तुसडेपणा वाटतो. वडगावच्या भोंग्याने नेमकी हीच गाठ सोडवली. सात ते साडेआठ उत्तर आलं नाही तर कुणी रुसायचं कारण उरलं नाही. मला त्या भोंग्यात हुकमापेक्षा परवानगी जास्त ऐकू येते.

मग सूरज गावाचं काय चुकलं? तिथे नियम करणारे नियमाच्या बाहेर उभे होते. वडगावात मुलाचा मोबाइल बंद झाला तेव्हा आईची मालिका आणि वडिलांचं व्हॉट्सअ‍ॅपही बंद होणार होतं. सूरजमध्ये फोन फक्त मुलींचा गेला. भाऊ, बाप आणि पंच यांचे फोन शाबूत राहिले. वडगावने वेळेवर बंधन घातलं, सूरजने माणसावर. ज्या बंधनाची झळ ते घालणाऱ्याला लागत नाही, ते काळजीतून आलंय असं मी सहजी मानणार नाही.

हाच निकष ऑस्ट्रेलियाला लावून पाहू. तिथे १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. या कायद्याची एक गोष्ट मला मनापासून पटते. दंड मुलाला नाही, पालकांनाही नाही, तो कंपनीला आहे आणि ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. २०२१मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल अधिक वाईट वाटतं, हे कंपनीच्याच संशोधनात दिसलं होतं. ज्याला माहीत होतं, त्याच्यावर जबाबदारी टाकणं न्याय्यच आहे.

पण तो कायदा मुलाला बाहेर काढतो आणि यंत्र तसंच ठेवतो. संपतच नाही असा फीड सोळाव्या वाढदिवसाला त्याची वाट बघत असतो. शिवाय फोन प्रत्येकासाठी सारखा नसतो. ज्या घरात रोज भांडणं होतात, तिथल्या मुलीसाठी फोन म्हणजे आतून कडी लावता येईल अशी एकुलती एक खोली असू शकते. आपल्याला मुलगेच आवडतात हे कळलेल्या एखाद्या गावातल्या मुलाला, आपण जगात एकटे नाही हे फोनवरच पहिल्यांदा समजतं. अशांसाठी दीड तासाची शांतता ठीक आहे, पण चार वर्षांची फार होईल.

फोनमुळेच ही पिढी खचली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जोनाथन हाइट यांनी २०२४च्या पुस्तकात हो म्हटलं. कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मध्ये उत्तर दिलं की दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. आधीच उदास असलेली मुलंही फोनकडे जास्त वळत असतील. हा वाद चालू राहील. पण तो मिटेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण माझा प्रश्न पुराव्याचा कमी आणि वागण्याचा जास्त आहे. मुलाला बंधन घालताना त्याला विचारलं का? आपणही त्या बंधनात बसलो का? आणि फोन काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवलं? जेवताना स्वतः रील्स बघणारे वडील मुलाचा फोन हिसकावतात, तेव्हा मुलगा एवढंच शिकतो की ताकद असणाऱ्याला नियम लागत नाही.

वडगावचा भोंगाही जादू नाही. साडेआठनंतर तेच फोन पुन्हा चालू होणार, आणि ज्या घरात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही तिथे दीड तास नुसता जड जाणार. तरीही त्याची नक्कल करायला देऊळ लागत नाही, ग्रामपंचायतही लागत नाही. चार-पाच मैत्रिणींनी ठरवलं की रात्री दहानंतर उत्तर आलं नाही तर कुणी काही मनात आणायचं नाही, तरी एक छोटा भोंगा तयार होतो. एकटीने ठरवलं तर ती शिष्ट ठरेल. म्हणून आधी ग्रुपवर विचारून पाहा. बहुतेक जणी कुणीतरी विचारायचीच वाट बघत असतील. आणि घरी कुणी ‘फोन ठेव’ म्हणालं, तर आवाज न चढवता एवढंच विचारा: किती वाजल्यापासून, आणि तुम्हीही ठेवणार ना?