गोळी आणि हत्ती



'विश्वास तर पानिपतातच गेला,' असे आपण सहज बोलून जातो. १४ जानेवारी १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले, त्याची ही आठवण. डॉ. जयंत नारळीकर (२०२५ साली ते गेले) यांच्या 'गंगाधरपंतांचं पानिपत' या विज्ञानकथेत तीच गोळी कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात. कंपनी सरकार मुंबई, कलकत्ता, मद्रास यांच्या आसपासच उरते. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघात होऊन त्या दुसऱ्याच जगात जाऊन पोहोचतात. बोटभर अंतरावर एवढे राज्य टांगलेले!

मग राज्य करणाऱ्याच्या हाती उरते काय?

गोळी भाऊसाहेबांच्या हातात नव्हती. पण विश्वासराव पडलेले पाहून ते हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दीत घुसले, असे सांगतात. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. ते दुःखाच्या भरात घडले असेल, त्यांना दोष द्यायला मी बसलेलो नाही. तरी उतरणे हे त्यांचे होते, गोळीचे नव्हते.

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) कादंबरीतल्या पॉलला तर भविष्यच दिसते. (तरुण मंडळींनी सिनेमा पाहिला असेल.) आपल्या नावाने भयंकर युद्ध पेटणार हे दिसत असूनही तो सम्राट होतो. १९६९ च्या पुढच्या भागात अब्जावधी माणसे मेलेली असतात, आणि नियतीने आपल्याला जखडले असे त्याला वाटते. सेमिनरीत आम्ही बोएथियस शिकलो. त्याचे म्हणणे साधे आहे: वाटेने चाललेला माणूस मला दिसला, म्हणून मी त्याला चालवले असे होत नाही. देवाला सारे दिसते, तेही असेच. पॉललाही वाट दिसली. चालला मात्र तो स्वतः.

हिंगणघाटच्या बाजूला बोंडअळीने कपाशी गेलेला माणूस 'नशीब, फादर' म्हणतो, तेव्हा मी वाद घालत नाही. त्याच्यापुढे वाटा होत्याच किती? पण खुर्चीवरचा माणूस तोच शब्द उच्चारतो, तेव्हा मला पिलात आठवतो. येशू निर्दोष आहे हे त्याला कळले होते. सोडण्याचा अधिकार होता. त्याने हात धुवायला पाणी मागवले. दर रविवारी मिस्सात विश्वासांगीकार म्हणताना त्याचे नाव आपल्या तोंडी येते. ओरडणाऱ्या जमावाचा त्यात उल्लेखही नाही.

– तुमचा धर्मगुरू